आधी मोजायला शिकवा

अर्थशास्त्रात पदवी, सार्वजनिक धोरणात एमए आणि जोडीला डेटा सायन्स. अशी पार्श्वभूमी असलेले विद्यार्थी आता महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी भेटतात. काही वर्षांपूर्वीपर्यंत अर्थशास्त्रात एमए केलेल्या मुलामुलींपुढे नेट-सेट देऊन प्राध्यापकी, बँकेची परीक्षा किंवा एमपीएससी एवढ्याच वाटा असत. आज मंत्रालयातले कक्ष, मुख्यमंत्री फेलोशिप, सल्लागार कंपन्या, स्वयंसेवी संस्था अशा सगळ्यांना हे विद्यार्थी हवे आहेत. मुंबई विद्यापीठाच्या जुन्या अर्थशास्त्र विभागाच्या नावातही आता 'पब्लिक पॉलिसी' आलं आहे.

ही सांगड मला मनापासून पटते. नुसतं अर्थशास्त्र शिकलेल्याला किंमत, मागणी, प्रोत्साहन कळतं, पण शासन निर्णय कसा निघतो, पैसा कोणत्या लेखाशीर्षातून येतो आणि मार्चअखेर तो परत का जातो, हे त्याच्या अभ्यासात नसतं. नुसतं धोरण शिकलेला योजनेचा हेतू उत्तम सांगतो, परिणाम मोजताना अडखळतो. डेटा सायन्सवाल्याच्या हाती साधनं असतात, पण कोणता प्रश्न सोडवण्याजोगा आहे हे त्याला दुसऱ्या कुणाकडून तरी कळावं लागतं. तिन्ही एका डोक्यात आली तर सरकारच्या कामाला त्याचा मोठा उपयोग आहे.

माझी तक्रार वेगळी आहे. या शिक्षणात आकड्यांचं पुढे काय करायचं हे खूप शिकवतात आणि आकडा तयार कसा होतो हे जवळपास शिकवतच नाहीत. विद्यार्थ्याच्या हाती येतो तो संगणकावर उतरवून घेतलेला तक्ता. स्तंभांना नावं दिलेली, रकाने भरलेले. त्याचं काम तिथून पुढे सुरू होतं. तो तक्ता कुणी भरला, कुणाच्या देखरेखीखाली, कोणत्या घाईत, काय विचारून आणि काय न विचारता, याचा विचार पदवी हाती पडेपर्यंत कुणी करायला लावत नाही. म्हणून माझं म्हणणं असं आहे: एक हंगामभर स्वतः मोजणी केल्याशिवाय सार्वजनिक धोरणाची पदवी देऊ नये. आणि ज्या मुलामुलींचं बालपणच अशा नोंदींच्या, पंचनाम्यांच्या, रेशनच्या याद्यांच्या भोवती गेलं आहे, त्यांचं ते ज्ञान प्रवेशाच्या वेळी पात्रता म्हणून धरावं.

खरिपाच्या दिवसांत कुठल्याही तहसील कचेरीत ६५ हा आकडा कानावर पडतो. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की ती अतिवृष्टी. पुढचे पंचनामे, नुकसानीची टक्केवारी, मदतीचा प्रस्ताव हे सगळं मुख्यतः या निकषाला धरून हलतं. पाऊस मोजायचा तो महसूल मंडळाच्या पातळीवर. 'महावेध' प्रकल्पातून राज्यभर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली, साधारण मंडळागणिक एक. एका मंडळात पंधरा-वीस, कधी त्याहूनही जास्त गावं असतात. केंद्र त्यातल्या एका गावात. मधे एखादी डोंगररांग असली तर अलीकडे भुरभुर आणि पलीकडे बांध फुटेपर्यंत पाऊस, हे मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात कुणालाही विचारा. पलीकडच्या गावातली सोयाबीन पाण्याखाली गेलेली असते आणि मंडळाच्या नावापुढे ६१ लिहिलेलं असतं.

धोरणाचा अभ्यास करणाऱ्याला असा उंबरठा फार उपयोगी वाटतो, आणि ते बरोबरही आहे. ६३ आणि ६७ मिलिमीटर पाऊस झालेली मंडळं इतर बाबतींत जवळपास सारखीच असणार, फरक एवढाच की एकाला मदत मिळाली आणि दुसऱ्याला नाही. मग दोन्हींकडचं कर्ज, स्थलांतर, मुलांची शाळेतली हजेरी यांची तुलना करून मदतीचा परिणाम काढता येतो. पद्धत देखणी आहे, जगभर वापरली जाते. पण केंद्रावर नोंदला गेलेला पाऊस हाच त्या गावात पडलेला पाऊस, हे तिने गृहीत धरलेलं असतं. जो विद्यार्थी एकदा तरी त्या केंद्रापाशी जाऊन उभा राहिला आहे तो आधी वेगळे प्रश्न विचारेल. केंद्रापासून गाव किती लांब आहे? पर्जन्यमापकाच्या डोक्यावर झाडाची फांदी तर आलेली नाही ना? वादळाच्या रात्री यंत्र चालू होतं का? हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. यंत्र बंद पडण्याची, नोंद तुटण्याची शक्यता जास्त असते ती नेमकी सगळ्यात वाईट हवामानात. म्हणजे हरवलेल्या नोंदी कुठल्याही दिवशीच्या नसतात, त्या बहुधा शेतकऱ्याला सर्वात गरज असलेल्या दिवसाच्या असतात. रिकामे रकाने सरासरीने भरून टाकणारा संगणकी क्रम नेमकी हीच माहिती पुसून टाकतो, आणि विद्यार्थ्याला वाटतं आपण तक्ता स्वच्छ केला.

दुष्काळाच्या मोजणीची गोष्ट याहून लांबलचक आहे. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आणेवारी, पुढे पैसेवारी चालत आली, म्हणजे नेहमीच्या पिकाला शंभर पैसे धरून यंदाचं पीक किती पैसे आलं याचा अंदाज. आधी नजरअंदाज पैसेवारी, मग सुधारित, मग अंतिम. गावाची पैसेवारी पन्नास पैशांच्या आत आली की सवलती, वर राहिली की काही नाही. या पद्धतीत माणसाच्या डोळ्याला, दबावाला, ओळखीपाळखीला भरपूर वाव होता. केंद्र सरकारने २०१६ मध्ये दुष्काळ व्यवस्थापनाची नवी संहिता आणली. पाऊस, जमिनीतला ओलावा, जलाशय आणि भूजलाची स्थिती, उपग्रहाने टिपलेला पिकांचा हिरवेपणा अशा निर्देशांकांवर दुष्काळ ठरू लागला. महाराष्ट्राने ऑक्टोबर २०१८ मध्ये १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला तो या नव्या पद्धतीने. ऑक्टोबर २०२३ मध्ये ४० तालुके जाहीर झाले, आणि लगेच बाकीच्या तालुक्यांतून इतका असंतोष उठला की तालुक्याऐवजी महसूल मंडळ धरून शेकडो मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर करावी लागली.

पैसेवारीकडून उपग्रहाकडे जाणं योग्यच होतं, असं मला वाटतं. निदान दोन तालुक्यांना एकच मोजपट्टी लागते. पण उपग्रहाला हिरवा रंग दिसतो, तो कुणाच्या शेताचा ते दिसत नाही. एखाद्या तालुक्याच्या एका अंगाला कालव्याचा ऊस आणि दुसऱ्या अंगाला पावसावरची बाजरी, तूर. बाजरी करपली तरी ऊस उभा असतो, आणि सरासरीत तालुका बरा दिसतो. उन्हातान्हात कोरड पडलेला अर्धा तालुका त्या सरासरीत हरवून जातो. हे ज्याला माहीत आहे तो ऊस आणि फळबागांचं क्षेत्र आधी बाजूला काढेल आणि फक्त जिरायत शिवाराचा हिरवेपणा मागच्या वर्षांशी ताडून पाहील. हे करायला डेटा सायन्सच लागतं. पण ते करायचं सुचायला बाजरी आणि ऊस यांत पाण्याची कोणती वाटणी दडलेली आहे हे ठाऊक असावं लागतं.

मोजणी हा अर्थशास्त्राचा हलका भाग आहे, अशी एक समजूत आपल्या विद्यापीठांत मुरली आहे. सिद्धांत मोठ्यांचा, विश्लेषण हुशारांचा, आणि घरोघर फिरून अर्ज भरायचे ते रोजंदारीवरच्या सर्वेक्षकांनी. या समजुतीला आपल्याच मातीत एक जबरदस्त उत्तर आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग सुखात्मे फर्ग्युसनमध्ये शिकले, लंडनला जाऊन संख्याशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि १९४०च्या दशकात भारतीय कृषी संशोधन परिषदेत पिकांच्या उत्पादनाचा अंदाज काढण्याच्या कामाला लागले. त्या वेळी संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस बंगालमध्ये शेतातला लहानसा तुकडा कापून त्यावरून उत्पादन काढत होते. लहान तुकडे घेतले तर कमी खर्चात पुष्कळ ठिकाणी मोजता येतं, हा त्यांचा मुद्दा वजनदार होता. सुखात्म्यांनी दाखवून दिलं की तुकडा लहान असला की उत्पादन फुगून येतं. कारण गणितातलं नव्हतं, हाताचं होतं. दोरीच्या रेषेवर उभं असलेलं रोप आत धरायचं की बाहेर, हे कापणाऱ्याला त्या क्षणी ठरवावं लागतं आणि भरलेलं कणीस दिसलं की हात ते आत ओढतो. तुकडा जितका लहान, तितकी त्याच्या क्षेत्रफळाच्या मानाने कड मोठी, आणि तितकी ही चूक मोठी. पुढे जागतिक अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकीची धुरा सांभाळणाऱ्या या माणसाच्या नावावर असलेल्या महत्त्वाच्या कामांपैकी एक काम बांधावर उभं राहून कापणाऱ्याच्या हाताकडे बघण्यातून आलेलं आहे. आज पीक विम्याची भरपाई ज्या पीक कापणी प्रयोगांवर ठरते, त्यात ती दोरी, त्या खुंट्या आणि तो हात अजून आहेत. उपग्रहाच्या चित्रावरून उत्पादनाचा अंदाज करणारी प्रारूपंही शेवटी याच कापणीच्या आकड्यांवर तालीम घेतात. कापणी चुकली तर प्रारूप तीच चूक मोठ्या आत्मविश्वासाने राज्यभर पसरवतं.

याच सुखात्म्यांचा पुढे पुण्यातच एक मोठा वाद झाला, आणि धोरण शिकणाऱ्या प्रत्येकाने तो अभ्यासावा असं मला वाटतं. गोखले अर्थशास्त्र संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणशी दिवसाला २२५० उष्मांक मिळण्याइतका खर्च ज्यांना परवडत नाही ते गरीब, असं धरून त्यांनी १९६०-६१च्या राष्ट्रीय नमुना पाहणीवरून दाखवलं की ग्रामीण भागातले सुमारे ४० टक्के आणि शहरांतले सुमारे ५० टक्के लोक या रेषेखाली आहेत. सुखात्म्यांनी आक्षेप घेतला. माणसाची उष्मांकांची गरज ठरलेली नसते, एकाच माणसाचीही ती दिवसागणिक, आठवड्यागणिक बदलते आणि शरीर एका मर्यादेपर्यंत जुळवून घेतं. सरासरी गरज हीच सीमारेषा धरली तर धडधाकट, पोटभर जेवणाऱ्यांपैकीही कितीतरी जण रेषेखाली मोजले जातील. सीमारेषा बदलाच्या खालच्या टोकाला धरा, असं त्यांचं म्हणणं, आणि तसं केलं की कुपोषितांचं प्रमाण बरंच खाली येतं. दांडेकरांना हे मान्य नव्हतं आणि त्यांनी तितक्याच तयारीने उत्तर दिलं.

दोघांसमोर नमुना पाहणीचा आकडा तोच होता. कुणाच्याही आकडेमोडीत चूक नव्हती. वाद होता तो रेषा कुठे ओढायची याचा, म्हणजे कमी खाऊन तग धरणाऱ्या माणसाला समाजाने कुणामध्ये धरायचं याचा. यंत्राला आणखी माहिती पुरवून हा प्रश्न सुटत नाही. त्यासाठी शरीरशास्त्र, अर्थशास्त्र आणि न्यायबुद्धी या सगळ्यांना कामाला लावावं लागतं. आज डॅशबोर्डवर लाल-पिवळे-हिरवे ठिपके रंगवणारा विद्यार्थी दर वेळी अशीच एक रेषा ओढत असतो. फरक इतकाच, की बहुतेकदा ती आधीच कुणीतरी ओढून संगणकात बसवलेली असते आणि ती ओढली गेली आहे हेही त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

प्रोत्साहनांचा अभ्यास हा अर्थशास्त्राचा प्राण. किमती वाढल्या की शेतकरी काय करेल, अनुदान दिलं की कुटुंब काय करेल, हे विद्यार्थी तासन्‌तास शिकतात. आकडा लिहिणाऱ्याची प्रोत्साहनं मात्र कुणी शिकवत नाही. अंगणवाडी सेविकेचं उदाहरण घ्या. तीव्र कमी वजनाची मुलं तिच्या अंगणवाडीत जास्त निघाली तर पर्यवेक्षिका तिलाच जाब विचारते. कमी निघाली तर बैठक सुखाने पार पडते. वजनकाटा जुना आहे, मूल रडतंय, बाहेर पाऊस आहे, आणि हाती दिलेला मोबाइल अडकतोय. २०२१ मध्ये राज्यातल्या हजारो सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले, तेव्हा त्यांच्या तक्रारींत निकृष्ट फोन तर होतेच, शिवाय 'पोषण ट्रॅकर' हे मुलांच्या नोंदींचं सरकारी ॲप इंग्रजीतून भरावं लागतं हीही तक्रार होती. ज्या बाईच्या बोटांवर राज्याची कुपोषणाची आकडेवारी उभी आहे, तिला तिच्या भाषेत अर्ज मिळत नव्हता. नंदुरबारचा किंवा मेळघाटचा आलेख काढताना हे ज्याला माहीत आहे, तो अर्धा किलो आणि पूर्ण किलोवर थबकलेली वजनं शोधेल. जनगणनेत लोकांची वयं शून्य आणि पाचवर संपणाऱ्या आकड्यांवर साचतात हे लोकसंख्याशास्त्राला फार पूर्वीपासून माहीत आहे. वजनं तशीच साचली आहेत का हे तपासायला दहा मिनिटं पुरतात. फक्त तपासावंसं वाटायला हवं. आणि साचलेली सापडली, तर सेविकेला नोटीस काढण्याआधी तिचा वजनकाटा बदलून द्यायला हवा, हेही कळायला हवं.

आपल्याकडे हे नवीन नाही. पुण्याच्या सार्वजनिक सभेने १८७६-७७च्या दुष्काळात जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून ती सरकारकडे धाडली. सर रिचर्ड टेंपल या ब्रिटिश अधिकाऱ्याने दुष्काळी कामांवरच्या मजुराची रोजी दिवसाला एक पौंड धान्याच्या हिशोबावर आणली, तेव्हा इतक्यात माणूस खडी फोडून जगू शकतो का, या प्रश्नाला आकड्यांनी उत्तर देणारी माणसं इथे होती. सोलापूरच्या हायस्कुलात मुख्याध्यापक असलेले गणेश व्यंकटेश जोशी सरकारी अहवाल पिंजून सभेच्या त्रैमासिकात लिहीत, आणि नामदार गोखले अर्थसंकल्पावर बोलण्याआधी त्यांच्याकडे धाव घेत. गोखले स्वतः गणिताचे शिक्षक, अंकगणिताचं पाठ्यपुस्तक लिहिलेले. १९०२ साली त्यांनी सरकारच्या शिलकी अर्थसंकल्पाची चिरफाड केली आणि दुष्काळाने पिळलेल्या रयतेकडून जास्तीचा कर घेऊन ही शिल्लक उभी राहिली आहे हे मांडलं. पुढच्या काही वर्षांत मिठावरचा कर टप्प्याटप्प्याने कमी झाला. डॉ. आंबेडकरांनी १९१८ मध्ये, कोलंबियातलं अर्थशास्त्राचं शिक्षण ताजं असताना, भारतातल्या लहान शेतजमिनींवर एक निबंध लिहिला. तेव्हा सगळे जमिनीच्या तुकड्याचा आकार मोजत होते आणि तुकडे जोडा असं सांगत होते. आंबेडकरांनी विचारलं की नुसत्या आकारावरून शेत परवडणारं की न परवडणारं हे ठरतं कसं? त्यावर किती भांडवल आहे, किती हात आहेत आणि त्यातले किती रिकामे आहेत, हे पाहिल्याशिवाय आकाराला अर्थ नाही. काय मोजायचं हेच चुकलं आहे, असं सांगण्याची हिंमत हा मला अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याचा सर्वात मोठा गुण वाटतो.

माझ्या म्हणण्यावर आक्षेप येतात, आणि त्यातले दोन गंभीर आहेत.

पहिला श्रमविभागणीचा. डॉक्टर रक्त स्वतः काढत नाही, प्रयोगशाळेचा अहवाल वाचतो. मग विश्लेषकाने घरोघर का फिरावं? मला हे अर्धं मान्य आहे. आयुष्यभर फिरावं असं कुणीच म्हणत नाही. पण प्रयोगशाळेतल्या यंत्राची तपासणी होते, परवाना असतो, चुकीची मर्यादा छापलेली असते. गावपातळीच्या नोंदवहीला यातलं काही नाही. ती विश्वासार्ह आहे की नाही हे ठरवणारं शेवटचं माणूस बहुतेकदा विश्लेषकच असतं, आणि त्याने ती भरताना कधी पाहिलेली नसते. काही गावांना योजना द्यायची आणि काहींना नाही हे चिठ्ठी टाकून ठरवणाऱ्या, २०१९च्या नोबेलमुळे घरोघर पोहोचलेल्या यादृच्छिक प्रयोगांच्या अभ्यासांतही गावात फिरलेल्या सर्वेक्षकांना जे कळलेलं असतं त्यातलं फार थोडं निबंधापर्यंत पोहोचतं. कोणत्या घरी सासूसमोर सुनेने वेगळं उत्तर दिलं, कोणत्या वस्तीत कुणी दारच उघडलं नाही, हे त्यांना ठाऊक असतं, पण ते लिहायला अर्जात जागा नसते.

दुसरा आक्षेप पैशांचा आहे आणि तो मला जास्त टोचतो. कर्ज काढून शिकणाऱ्या मुलाला एक हंगाम खेड्यात घालवायला सांगणं म्हणजे त्याच्या नोकरीचे महिने हिरावून घेणं नाही का? विद्यावेतन न देता सांगितलं तर आहेच. म्हणून विद्यावेतनाशिवाय हे करूच नये, आणि ते किमान वेतनाहून कमी असू नये.

पण याच आक्षेपाची एक दुसरी बाजू आहे. ज्या मुलांना आपण कमी तयारीची समजतो, त्यांतल्या अनेकांची या बाबतीतली तयारी सर्वात जास्त आहे. एखाद्या तालुक्याच्या गावातून आलेल्या मुलीने 'इष्टांक संपला', म्हणजे रेशनच्या लाभार्थ्यांचा ठरलेला आकडा भरला, हे वाक्य पुरवठा शाखेच्या खिडकीत ऐकलेलं असतं. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली महाराष्ट्राला किती लोकांसाठी धान्य मिळणार हे २०११च्या जनगणनेवर ठरलं, ग्रामीण भागात सुमारे ७६ टक्के आणि शहरात सुमारे ४५ टक्के लोक धरून, एकूण सात कोटींच्या आसपास. जनगणना २०२१ मध्ये झाली नाही. गावं वाढली, घरं विभागली, मुलं जन्मली, आकडा तिथेच राहिला. म्हणून नवं नाव घालायचं तर जुनं कुणीतरी निघेपर्यंत थांबायचं. हे त्या मुलीला तिच्या घरच्या अनुभवातून माहीत असतं. तिला ठाऊक असतं की शेत कसणारा आणि सातबाऱ्यावर नाव असणारा हे नेहमी एकच नसतात. ई-पीक पाहणीत पीक नोंदलं जातं ते सातबाऱ्यावर, आणि बटईने कसणाऱ्याचं नाव तिथे नसतंच. प्रवेशाच्या मुलाखतीत मात्र तिला याबद्दल कुणी काही विचारत नाही. तिचं इंग्रजी तपासतात, कोडिंग येतं का ते विचारतात. ही दोन्ही कौशल्यं वर्षभरात शिकवता येतात. तिला जे येतं ते महानगरातल्या मुलाला शिकवायला आपल्या अभ्यासक्रमात एकही तास नाही. प्रवेशाच्या निकषांत हा न्याय आणायला हवा, आणि तो उपकार म्हणून नव्हे, कारण राज्याला या ज्ञानाची गरज आहे.

अभ्यासक्रमात जागा शोधावी लागणार नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत पहिल्याच वर्षी प्रत्यक्ष कार्यानुभवासाठी किंवा क्षेत्रीय प्रकल्पासाठी चार श्रेयांक (क्रेडिट) आहेत. अनेक ठिकाणी ते कुठल्यातरी कचेरीच्या प्रमाणपत्रावर उरकले जातात. अर्थशास्त्र आणि धोरणाच्या विद्यार्थ्यांसाठी हे श्रेयांक मोजणीला बांधावेत. रब्बीची पीक कापणी फेब्रुवारी-मार्चमध्ये येते, नेमकी दुसऱ्या सत्रात. कृषी विभागाच्या प्रयोगाला दोन विद्यार्थी, हाती स्वतंत्र नोंदवही, आणि शेवटी दोन्ही नोंदींची तुलना. दुसरीकडे एखादी अंगणवाडी, एखादं हवामान केंद्र, रोजगार हमीच्या कामाची हजेरी. तासगाव तालुक्यातल्या वि. स. पागे यांच्या प्रयोगातून उगवलेली, १९७२च्या दुष्काळात वाढलेली आणि १९७७च्या कायद्याने हक्क बनलेली ही योजना, आणि तिच्या खर्चासाठी शहरातल्या नोकरदारांकडून घेतलेला व्यवसाय कर, हे धोरणाच्या प्रत्येक वर्गात शिकवायला हवं. ते शिकवताना कामावरचं हजेरीपत्रक हाती घेऊन शिकवायला हवं.

जनगणना आता १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून होते आहे, मोबाइलवरून, जातनिहाय नोंदीसह. इतकी मोठी संधी पुन्हा दहा वर्षं येणार नाही. प्रगणक म्हणून शिक्षक आणि सरकारी कर्मचारीच जातील आणि माहितीची गुप्तता कायद्याने बांधलेली आहे, ती तशीच राहावी. मात्र प्रगणकांच्या प्रशिक्षणाला विद्यार्थ्यांना बसू देता येईल, आणि मोजणी संपल्यावर प्रगणकांच्या मुलाखती घेऊन कोणत्या प्रश्नाला लोक अडखळले, जातीच्या रकान्यात काय काय सांगितलं गेलं आणि ते कसं लिहून घेतलं, हे नोंदवून ठेवता येईल. दहा वर्षांनी या आकड्यांवर आरक्षणाचे, निधीवाटपाचे, मतदारसंघांचे निर्णय लढवले जातील तेव्हा ही टिपणं लागणार आहेत.

सरकारनेही हात मोकळा करावा लागेल. अर्थ व सांख्यिकी संचालनालयाची जिल्हा कार्यालयं प्रत्येक जिल्ह्यात आहेत, आणि राष्ट्रीय नमुना पाहणीत राज्याचाही स्वतःचा नमुना असतो. त्या नमुन्याची कुटुंबनिहाय माहिती, ओळख काढून टाकून, मराठी टिपणांसह कुणालाही सहज मिळावी. मंडळनिहाय पाऊस, गावनिहाय पैसेवारी, पीक कापणीचे मूळ आकडे एकाच ठिकाणी, संगणकाला वाचता येतील अशा रूपात ठेवावेत. एखाद्या जिल्ह्याच्या पैसेवारीच्या यादीत ४७ ते ४९ पैशांची किती गावं आणि ५१ ते ५३ पैशांची किती, एवढं साधं मोजायला विद्यार्थ्याला माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागू नये. केंद्रात २०१७-१८च्या उपभोग खर्चाच्या पाहणीचा अहवाल दर्जाचं कारण देऊन २०१९ मध्ये रोखला गेला. पाहणीत खरंच दोष असतील तर ते बाहेरच्या अभ्यासकांना तपासू देणं हाच मार्ग होता. कच्ची माहिती खुली असती तर ती चर्चा देशाला करता आली असती.

आणि एक अट मी प्रबंधांवर घालेन, अगदी उद्यापासून, फारसा खर्च न लागता. अर्थशास्त्र, धोरण किंवा डेटा सायन्समधल्या प्रत्येक प्रबंधात पहिलं प्रकरण माहितीच्या जन्माचं असावं. वापरलेला प्रत्येक आकडा कोणत्या हुद्द्याच्या माणसाने, कोणत्या नमुन्यात, कोणत्या भाषेत, कुणाच्या दबावाखाली आणि किती वेळात नोंदवला, ते विद्यार्थ्याने जाऊन विचारून लिहावं. हे प्रकरण मराठीत लिहायची मुभा असावी. मौखिक परीक्षेला बाहेरच्या परीक्षकांसोबत त्या जिल्ह्यातला एक ग्राम महसूल अधिकारी (तलाठी), सहायक कृषी अधिकारी किंवा अंगणवाडी सेविका मानधन देऊन बोलवावी, आणि पहिला प्रश्न तिला विचारू द्यावा.